गाइडेड शार्पनरचे सांधे दुखायला लागतात तेव्हा

तीन महिने मी दगडांना शिव्या देत होतो. आधी वाटलं १००० चा दगड (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) भरलाय, तो साफ केला, मग वाटलं ३००० चा बसलाय, तो घासून सपाट केला, तरी सुरी काही केल्या पहिल्यासारखी लागेना, म्हणजे कागद कापायची पण कापता कापता मध्येच खर्रकन अडकायची आणि हातावरचे केस तर अजिबात उडवत नव्हती. मग शेवटचा उपाय म्हणून ८००० चा नवा दगड मागवला (हो, माहितीय, बोलू नका) आणि तो वापरल्यावर सुरी आणखीच बोथट वाटायला लागली. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. दगड सगळे ठणठणीत होते. आजारी होता तो सांधा, ज्यातून गाइडची दांडी आत-बाहेर सरकते तो बोटाच्या पेराएवढा तुकडा, आणि त्याच्याकडे मी साडेचार वर्षांत एकदाही वळून बघितलं नव्हतं.

ज्यांनी गाइडेड शार्पनर ही भानगड कधी वापरली नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. पातं क्लॅम्पमध्ये पकडायचं (किंवा एज प्रोसारख्या सिस्टममध्ये छोट्या टेबलावर ठेवून हातानेच दाबून धरायचं), दगड एका दांडीवर बसवायचा, आणि ती दांडी एका ठरलेल्या बिंदूतून (याला पिव्हट म्हणतात) जात असल्यामुळे तुमचा हात कितीही डगमगला तरी दगड पात्याला दर वेळी त्याच अँगलने लागतो. लॅन्स्की हे त्यातलं साधं रूप, क्लॅम्पलाच १७, २०, २५ आणि ३० अंशांची भोकं, ज्या भोकात दांडी घातली तो अँगल. विकेड एजला पात्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हात असतो. केएमई, हॅपस्टोन वगैरेंमध्ये अँगल हवा तसा वरखाली करता येतो. पण सगळ्यांचं मूळ एकच, एक पक्का बिंदू, एक सरळ दांडी, एक न हलणारं पातं. यातलं एक जरी ढिलं पडलं तरी तुम्ही जो अँगल विकत घेतलाय तो हळूहळू गळत जातो, आणि वाईट म्हणजे तो गळतोय हे कळत नाही, कारण दगड तर छान घासतोय, काळं पाणी येतंय, आवाज पण बरोबर येतोय.

मला कळलं ते मार्करमुळे. धारेच्या उतारावर, म्हणजे बेव्हलवर, काळा मार्कर फासायचा आणि दगड अगदी हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवायचा, शाई जिथून गेली तिथे दगड लागतोय, इतकं सोपं. मी हे नवीन चाकूला पहिल्यांदा अँगल जुळवताना करायचो आणि नंतर कधीच नाही, कारण अँगल एकदा लॉक केल्यावर परत काय बघायचंय. त्या दिवशी वैतागून केलं. दगड फक्त पुढे ढकलला तर शाई धारेजवळची गेली. परत शाई फासली आणि फक्त मागे ओढला, तर धारेजवळ शाईची केसासारखी बारीक काळी रेघ तशीच, आणि गेली ती वरच्या खांद्याकडची, म्हणजे बेव्हल जिथे सुरू होतो तिथली. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. एकाच लॉक केलेल्या सेटिंगवर मला दोन अँगल मिळत होते, ढकलताना एक आणि ओढताना दुसरा.

मग दांडी चिमटीत धरून पिव्हटपाशी वरखाली हलवली तर टक टक. ऐकू येईल असं टक टक! इतके दिवस हा आवाज दगडाच्या आवाजात बुडून जात होता.

ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) काढला आणि आतलं प्लॅस्टिकचं बुशिंग, म्हणजे ज्यातून दांडी सरकते ती नळी, बाहेर ढकललं. बरोबर आला एक काळा लगदा, टूथपेस्टइतका घट्ट, बोटावर चोळला तर करकर वाजणारा. व्हर्नियर लावला. दांडी बरोबर ८ मिमी, आणि बुशिंगचं भोक आडवं ८.१ मिमी पण उभं ८.९. म्हणजे गोल भोकाचा अंडाकार झालेला. आणि हा लगदा आला कुठून तर माझ्याच हातून, कारण दांडी सुळसुळीत सरकावी म्हणून मी दर वेळी सुरुवातीला तिला तेलाचं बोट लावायचो. तेल, त्यात पात्याचा बारीक चुरा, त्यात दगडाचे सुटलेले कण, याला घासायची पेस्टच म्हणतात, लोक पैसे देऊन विकत घेतात ती. मी ती घरी तयार करून साडेचार वर्षं माझंच बुशिंग घासत होतो.

आता कुणी म्हणेल ०.९ मिमी म्हणजे काय मोठं. मलाही आधी तसंच वाटलं म्हणून गणित मांडलं. माझ्याकडे पिव्हटपासून धारेपर्यंत अंतर साधारण १७० मिमी. १७० मिमीवर ०.९ मिमीचा प्ले (ढिलेपणा) म्हणजे साधारण ०.३ अंश. ऐकायला काहीच नाही. पण आता धारेवर या, बेव्हल समजा ०.७ मिमी रुंद आहे, तर त्या रुंदीवर ०.३ अंशाचा फरक म्हणजे बेव्हलच्या एका टोकाला दगड टेकलेला असताना दुसऱ्या टोकाला जवळपास पावणेचार मायक्रॉनची फट. खरखरीत दगडाला याचं काही वाटत नाही, ३२५ मेशच्या डायमंड प्लेटचा कण ४५ मायक्रॉनचा असतो, तो एवढा फरक चार फटक्यांत खाऊन टाकतो. पण जपानी मापातला ८००० चा दगड म्हणजे कण सव्वा मायक्रॉनच्या आसपास! तो बिचारा अर्धा वेळ नुसता खांदाच चमकवत बसतो, धारेला पोचतच नाही, आणि जेव्हा पोचतो तेव्हा थोड्या उभ्या अँगलने जाऊन आधीची धार गोलसर करतो. म्हणून माझी सुरी खरखरीत दगडावर चांगली वाटायची आणि जितकं बारीक जावं तितकी बिघडायची. हे लक्षण लक्षात ठेवा. बारीक दगडावर गेल्यावर धार कमी होत असेल तर नवीन दगड मागवायच्या आधी दांडी हलवून बघा.

नवीन बुशिंग बसवलं आणि तेल बंद. प्लॅस्टिकचं किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेला सांधा कोरडाच चालायला बनवलेला असतो, त्याला तेल म्हणजे चुऱ्याला आमंत्रण. पूर्ण धातूचा बॉल जॉइंट असेल, आत चकचकीत गोळी आणि बाहेर धातूची रिंग, तर त्याला हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब चालतो, पण घालून, फिरवून, मग फडक्याने पुसून जवळजवळ कोरडा करायचा. ग्रीस तर कुठल्याच सांध्यात नको. माझ्या मते हाताला ओलसर लागेल इतकं वंगण या मशीनवर कुठेही असता कामा नये. दांडी कोरड्या फडक्याने पुसायची, आणि तेही काम संपल्यावर एकदा नाही, दगड बदलताना प्रत्येक वेळी. हे मी आता करतो आणि सवय लागल्यावर त्यात काहीच वेळ जात नाही.

दांडीचं दुसरं दुखणं म्हणजे वाकणं. टेबलावरून एकदा पडली की झालं, आणि ती पडतेच. डोळ्याने कळत नाही. काचेच्या तुकड्यावर लोळवायची आणि उजेडाकडे धरून खालची फट बघायची, फट उघडझाप करत असेल तर वाकलीय. ज्या सिस्टममध्ये प्रत्येक दगडाला आपापली बारीक दांडी असते तिथे आणखी एक गंमत आहे, दांडी होल्डरमध्ये स्क्रूने पकडलेली असते आणि तो स्क्रू सैल पडून दांडी थोडी तिरकी बसते, मग ६०० च्या दगडाचा अँगल वेगळा आणि १००० चा वेगळा. सगळे दगड दांड्या लावून सपाट टेबलाच्या कडेला एकाशेजारी एक पालथे ठेवा, दांड्या बाहेर लोंबत्या, आणि कडेच्या उंचीवर डोळा आणून बघा, सगळ्या दांड्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. दिसणार नाहीत. माझ्या एका मित्राच्या पाचातल्या दोन तिरक्या निघाल्या आणि त्याने सेट घेऊन जेमतेम महिना झाला होता.

ग्रब स्क्रूंबद्दल बोललं पाहिजे कारण तेवढं साधं काम लोक जोर लावून बिघडवतात. एलन की ही लिव्हर आहे, लांब बाजू हातात धरून पिळलं की बारीक स्क्रूचे आटे जातातच, आणि मूळ भाग अॅल्युमिनियमचा असेल तर स्क्रू जिंकतो आणि बॉडी हरते. एकदा आटे गेले की मग मोठा आटा पाडा, नाहीतर आत नवीन धातूचं इन्सर्ट बसवा, सगळा कुटाणा. त्यापेक्षा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रूच्या आट्याला लावायचं ते निळं चिकट द्रव, त्याचा छोटासा ठिपका लावायचा आणि कमी जोराने पिळायचं. निळंच घ्या, लाल घेतलं तर गरम केल्याशिवाय सुटत नाही आणि प्लॅस्टिकच्या भागाशेजारी गरम करायला गेलात की काय होईल ते सांगायला नको. आणि प्लॅस्टिकमध्येच घुसणारा स्क्रू असेल तर थ्रेडलॉकर लावूच नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

क्लॅम्पचं प्रकरण वेगळं. क्लॅम्प झिजतो कमी, वाकतो जास्त. दोन स्क्रूचा क्लॅम्प असेल, पुढचा पात्याजवळ आणि मागचा अंगठ्याने फिरवायचा, तर पुढचा स्क्रू फक्त पात्याच्या जाडीइतका जुळवायचा, हलका टेकेल एवढाच, आणि पकड मागच्या स्क्रूने आणायची, कारण मागचा स्क्रू जबड्यांना मागून फाकवतो आणि पुढून मिटवतो. लोक उलटं करतात, पुढचाच आवळत सुटतात, मग जबडे मध्ये वाकतात आणि टोकाला फाकतात, आणि पातं धरलेलं दिसतं पण दगड लावला की डुलतं. जबडे तपासायचे तर त्यात कागदाच्या दोन पट्ट्या धरा, एक डावीकडे एक उजवीकडे, दोन्ही ओढून पाहा. एक सहज निघाली तर त्या बाजूला पकड नाही.

कण्यापासून धारेपर्यंत सलग उतरत गेलेलं पातं कुठल्याच सपाट जबड्यात नीट बसत नाही, ते निसटतंच, त्याला काय करणार. मी मास्किंग टेपचा एक थर लावतो, काही जण मऊ चामड्याची पट्टी लावतात, पण चामडं दबतं आणि मग पातं सरळ उभं राहिलंय की थोडं कललंय याचा भरवसा राहत नाही. टेपच बरी. शिवाय टेप लावली की पात्यावर ओरखडे पडत नाहीत, आणि ते ओरखडे पडतात ते जबड्यामुळे नाही हां, जबड्यावर आधीच्या सुरीचा चिकटलेला चुरा असतो त्यामुळे. जबडे पुसा. जबड्यात चुंबक असेल तर दुप्पट पुसा, चुंबकावर चुऱ्याची दाढी उगवते आणि ती फडक्याने जात नाही, चिकटपट्टी दाबून उचलावी लागते.

इथे एक गैरसमज जाता जाता सांगतो कारण मी स्वतः त्यापायी नको तिथे स्क्रू पिळत बसलो होतो. लांब पात्याच्या टोकाकडे अँगल कमी होतो असं सगळे म्हणतात. धार सरळ असेल तर नाही होत. पिव्हटचा बिंदू आणि धारेची सरळ रेषा मिळून एकच प्रतल होतं आणि दगड त्याच प्रतलात फिरतो, मग टोकाला नेलात काय आणि मुठीशी नेलात काय, अँगल तोच. बदलतो तो धार जिथे वळते तिथे. त्यामुळे सरळ धारेवर टोकाला मार्कर वेगळं दाखवत असेल तर ते भूमितीचं नाही, पातं लवतंय किंवा क्लॅम्पमध्ये फिरतंय. पातळ लांब पातं टोकाला लवतंच, तिथे मागून बोटाचा आधार द्यायचा नाहीतर क्लॅम्प सरकवून दोन टप्प्यांत करायचं.

आता दगड. दगडांना मी निर्दोष सोडलं असलं तरी त्यांचीही निगा लागतेच.

डायमंड प्लेट नवीन असताना जी चावते ती पुढे कधीच चावत नाही, आणि दर वेळी कुणीतरी घाबरून विचारतं की माझी प्लेट महिन्यात मेली का. मेलेली नसते. सुरुवातीला निकेलच्या थरातून वर डोकावणारे, नीट न रुतलेले कण असतात, ते पहिल्या काही सुऱ्यांत निघून जातात आणि मग प्लेट तिच्या खऱ्या ग्रिटवर, म्हणजे खऱ्या खरखरीतपणावर, येते. नंतर जी खरोखर मरते ती दाबामुळे. हिरा कडक आहे, त्याला धरून ठेवणारं निकेल तेवढं कडक नाही, तुम्ही जोर लावलात की हिरा झिजत नाही, उपटून निघतो. दगडाच्या वजनाला बोटाचा जेमतेम आधार, एवढाच दाब. आणि सगळ्यात आधी मरतात त्या प्लेटच्या दोन कडा आणि टोकं, कारण फटका संपताना दगड तिथे घसरतो आणि चाकूचं टोक त्यात रुततं. फटका टोकाआधी किंचित थांबवायला शिका, प्लेटही वाचते आणि सुरीचं टोक गोल होत नाही.

साफ करायला पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि जुना टूथब्रश. चिकट असेल तर मऊ रबराच्या खोडरबराने घासा, चुरा उचलून येतो. मग लगेच कोरडी करा, हिऱ्याला गंज लागत नाही पण खालच्या लोखंडाला लागतो आणि गंज निकेलच्या खाली शिरला की पापुद्रा सुटतो. मी एकदा ओली प्लेट केसमध्ये बंद करून गावाला गेलो होतो. एवढंच सांगतो.

सिरॅमिक दगड झिजत नाहीत म्हटलं तरी चालेल, ते भरतात. पांढऱ्यावर काळे-करडे पट्टे आले आणि सुरी त्यावरून काचेवर फिरावी तशी फिरायला लागली की समजायचं. घासायची पावडर आणि हिरवा स्क्रबर, दोन मिनिटांत परत पांढरा. स्पायडर्कोचा शार्पमेकर याच जातीतला, प्लॅस्टिकचा बेस आणि त्यात तिरक्या खोवलेल्या त्रिकोणी सिरॅमिक कांड्या, एका बाजूला १५ किंवा २० अंश. हलणारा भागच नाही म्हणून बिघडायलाही काही नाही, पातं सरळ उभं धरायचं काम मात्र तुमच्या हाताचं. टिकाऊपणाच्या परीक्षेत तो सगळ्यांना हरवेल, फक्त कांडी फरशीवर पडू देऊ नका, दोन तुकडे होतात.

पाण्याचे दगड मला सगळ्यात आवडतात आणि गाइडेड सिस्टममध्ये सगळ्यात जास्त त्रास तेच देतात. ते मध्ये खोलगट होतात. हाताने धार लावताना मोठ्या दगडावर आपण जागा बदलत राहतो, इथे एक इंच रुंदीची पट्टी आणि ती सारखी त्याच धारेवरून, मग बशी होणारच. पेन्सिलने जाळी काढायची, काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि पाणी घेऊन घासायचा, जाळी सगळीकडून गेली की सपाट झाला. आठेक सुऱ्यांनंतर मी करतो, मऊ दगड असेल तर त्याआधीच.

पण सपाट केला की दगड पातळ होतो, आणि इथे परत तो अँगल गळतो. जुना १००० चा दगड झिजून नव्या ३००० पेक्षा २ मिमी पातळ झाला असेल तर १७० मिमीच्या अंतरावर तो जवळपास ०.७ अंशाचा फरक आहे, म्हणजे माझ्या झिजलेल्या बुशिंगच्या दुपटीहून जास्त! आणि सिस्टम नवीकोरी असली तरी हे होतं. उपाय दोन आहेत. एक म्हणजे दगड बदलला की दगडावर डिजिटल अँगल क्यूब (अँगल मोजायची छोटी डबी) ठेवून परत अँगल जुळवायचा, आधी बेसवर शून्य करून, आणि क्यूब तिरका न धरता. दुसरा म्हणजे ड्रिलच्या बिटाला लावतात ती स्टॉप कॉलर दांडीवर चढवून तिच्या टोकाने उंचीचं माप बांधून ठेवायचं, म्हणजे दगड कुठलाही असो, पिव्हट खाली-वर करून कॉलर त्याच खुणेला आणायची. मी क्यूबवाला आहे. तोही काही देव नाही, ०.१-०.२ अंशाची चूक त्याच्यातही असते, पण त्याच क्यूबने त्याच जागी मोजलं तर निदान चूक तीच राहते.

वेळ वाचवायला सांगतो, भिजवायचा दगड आणि नुसतं पाणी शिंपडून वापरायचा दगड यात गल्लत करू नका. दुसऱ्या प्रकारातले काही तासन्‌तास पाण्यात ठेवले किंवा उन्हात वाळवले की तडकतात. सावलीत, उभे, हळू. आणि अॅल्युमिनियमच्या पट्टीवर दुहेरी टेपने चिकटवलेले दगड पाण्यात बुडवून ठेवलेत तर टेप एका कोपऱ्यातून सुटते, मग दगड पट्टीवर किंचित उचललेला राहतो आणि तुम्ही परत पिव्हटला दोष देत बसता. नखाने चारही कोपरे दाबून पाहायचे, एखादा लवतोय का.

कुठल्या स्टीलला काय, हा मोठा विषय आहे पण निगेशी त्याचा संबंध एवढाच की एस३०व्ही सारख्या स्टीलमध्ये ४ टक्के व्हॅनेडियम असतं, एस९०व्ही मध्ये ९, आणि व्हॅनेडियमचं कार्बाइड अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या साध्या दगडापेक्षा कडक असतं. म्हणजे सुरीपेक्षा दगडच जास्त झिजतो आणि मग आपण वैतागून जोर लावतो, आणि जोर लावला की क्लॅम्प, बुशिंग, दांडी सगळ्यांना तो भोगावा लागतो. अशा पात्यांना डायमंड किंवा सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) चेच दगड. माझ्या बुशिंगची अर्धी झीज मी एका एस९०व्ही च्या चाकूवर साधे दगड रगडून केली असणार, माझी खात्री आहे.

चामड्याच्या स्ट्रॉपचं, म्हणजे शेवटी धार परजायच्या पट्टीचं, एवढंच, की १ मायक्रॉनची पेस्ट लावलेल्या स्ट्रॉपवर खरखरीत दगडाचा एक कण आला की पेस्टचा काही उपयोग नाही, म्हणून स्ट्रॉप वेगळ्या पिशवीत, आणि स्ट्रॉप लावायच्या आधी पातं आणि दांडी दोन्ही पुसून. चामडं दबतं म्हणून अँगल अंश-दोन अंश कमी घेतात, तेही खरं. पेस्ट काळी-चकचकीत कडक झाली की सुरीच्या पाठीने खरवडून नवी लावायची.

बेसचे रबरी पाय किंवा सक्शन कप हा विषय कुणी काढतच नाही. सक्शन कप वर्षा-दोन वर्षांत कडक होतो आणि धार लावताना अख्खी सिस्टम मिलिमीटरभर सरकते, ते जाणवतं पण आपण दुर्लक्ष करतो. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर थोडा मऊ होतो, पुढे बदलावाच लागतो. मी सरळ माझा बेस जाड प्लायवूडच्या तुकड्यावर स्क्रूने बसवला आणि तो तुकडा टेबलाला सी-क्लॅम्पने धरतो. दिसायला भिकार आहे पण हलत नाही.

नवीन घेणाऱ्यांनी विचारलं तर मी आता ग्रिट किती मिळतात ते सांगतच नाही. मी विचारतो, बुशिंग सुटं मिळतं का, क्लॅम्पचे स्क्रू साध्या मापाचे आहेत का की त्यांचेच खास, दगड एक इंच बाय सहा इंच अशा सर्रास मिळणाऱ्या मापाचे बसतात का. स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या सिस्टमवर माझा राग नाही, माझी पहिली तसलीच होती आणि तिच्यावरच मी धार म्हणजे काय ते शिकलो, पण तिचा पिव्हट बॉडीतच ओतलेला होता, झिजला तेव्हा बदलायला काही नव्हतंच. आणि महाग सिस्टम जास्त टिकते असंही नाही, तिचे भाग जास्त असतात म्हणजे ढिलं पडायच्या जागाही जास्त, फक्त त्या जागा घट्ट करता येतात. फरक तिथे आहे.

सध्या माझी अवस्था अशी की बुशिंग नवं आहे, दांडी कोरडी आहे, मार्कर ढकलताना आणि ओढताना एकच सांगतोय, आणि ८००० चा तो दगड, ज्याला मी तीन आठवडे नावं ठेवली, तो आता अक्षरशः आरसा काढतोय. डाव्या जबड्याच्या टोकाला मात्र कागदाची पट्टी अजूनही जरा सहज निघते. तिथे बहुतेक केसभर उंचवटा आहे. कानस काढून टेबलावर ठेवलीय, गेला आठवडाभर ती तिथेच आहे, कारण एकदा जास्त घासलं गेलं तर परत भरता येणार नाही, आणि तोपर्यंत त्या बाजूला टेपचे दोन थर.